जिनिंगच्या सुरातला बेस

गिटारच्या तारा पातेल्यात उकळणारा माणूस मी एकच पाहिला. दर महिन्या-दोन महिन्यांनी अप्पा आपल्या बेस गिटारच्या चारही तारा काढायचे, त्यांची वेटोळी करून चहाच्या पातेल्यात सोडायचे, वर चिमूटभर खायचा सोडा टाकायचे आणि हात पाठीमागे बांधून ओट्यासमोर उभे राहायचे. पाण्यावर काळपट तवंग यायचा. जाड तारा भांड्याच्या बुडाशी हलक्या खडखडायच्या.

“आज काय, तारांची आमटी का?” त्यांच्या पत्नी विचारायच्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो.

“आमटी न्हाई, काढा. सर्दी झाली हाय तारांना.”

“मंग त्याच भांड्यात तुमचा चहा टाकते. तुमाला बी कधीची सर्दी हाय.”

नवी तार विकत घ्यायला अप्पांची ना नव्हती. ती परवडतही होती. घरची शेतमालाची आडत होती, भाऊ ती सांभाळत होते आणि अप्पांचा वाटा अप्पांना न मागता मिळत होता. पण नवी तार त्यांना आवडायची नाही. “नवी तार लय बडबडी असते,” ते म्हणायचे. “म्हातारी झाली की मुकी होते. उकळलेली तार कशी, मोजकं बोलते.”

सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर माझा लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. खाली बी-बियाणांचं दुकान, वर मी. भिंतींना आवाज शोषायला कापसाच्या जाड गाद्या टांगल्या आहेत. मालगाडी आली की काम थांबवायचं आणि ती गेली की पुन्हा सुरू करायचं. आसपासच्या गावांतली भजनी मंडळं येतात, जयंतीची गाणी करणारी पोरं येतात, नवरदेवाच्या मित्रांना त्याच्या नावाचं गाणं करून हवं असतं. अप्पा माझ्याकडे बेस वाजवायला यायचे. गाण्याच्या अगदी तळाशी जो जाड, गुणगुणता सूर असतो तो बेसचा. बहुतेकांना तो गाण्यात आहे हेसुद्धा कळत नाही. अप्पांना याचं वाईट वाटायचं नाही. निदान ते तसं म्हणायचे.

आता अप्पा सेलूत नाहीत. धाकट्या लेकीकडे राहतात. त्यांची गिटार माझ्याकडे ठेवून गेले आहेत आणि मी ती वाजवत नाही, नुसती पुसतो. मी मूळचाच अपराधी स्वभावाचा माणूस आहे. रिक्षावाला रस्ता चुकला तरी मला वाटतं, मीच नीट सांगितलं नसणार. तेव्हा माझ्या अपराधीपणावर कुणी फार विश्वास ठेवू नये. पण अप्पांची आठवण आली की जे वाटतं, त्याला खरंच कारण आहे.

ते यायचे दुपारी. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात कापूस. त्यांचं घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, मागच्या गल्लीत होतं. गाड्यांतून सांडलेला कापूस त्या गल्लीत कायम पडलेला असायचा. येताना त्यातला मूठभर उचलायचा, बोटांनी सरकी वेगळी काढायची आणि उरलेला कापूस पिंजत पिंजत चालायचं. स्टुडिओत आले की चपला काढून फरशीवर अनवाणी उभे राहायचे आणि तो कापूस गिटारच्या खालच्या टोकाला, तारांच्या पोटाखाली सारायचे. त्यामुळे तार फार वेळ घुमत राहत नाही. सूर निघतो, जेवढं सांगायचं तेवढं सांगतो आणि थांबतो. लोक यासाठी स्पंज वापरतात. अप्पा म्हणायचे, “स्पंज कुठल्या मुलखातला कोण जाणे. माझ्या तारेला सेलूचा कापूस लागतो.” शेजारच्या मानवतचा कापूस मी एकदा मुद्दाम आणून दिला. त्यांनी तो लावला, दोन सूर वाजवले आणि म्हणाले, “बरा हाय. पाहुण्यासारखा वाजायलाय.” मला आजही त्या दोन कापसांतला फरक सांगता येणार नाही. त्यांनाही येत नसावा.

त्यांच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या नव्हत्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी पेरू खायचा नाही, बोटं जड होतात. गिटार उत्तरेकडे तोंड करून ठेवली तर रुसते. स्टुडिओत कुणाच्या मनगटावर घड्याळ असेल तर ते काढून बाहेर ठेवायला लावायचे, कारण घड्याळाची टिकटिक आणि ढोलकी यांचं जमत नाही. एकदा ऐन गाण्यात त्यांची उकळून उकळून म्हातारी झालेली सगळ्यात जाड तार तुटली. मंडळाचे लोक खोळंबले. दुसरी तार नव्हती. उरलेलं गाणं त्यांनी तीन तारांवर वाजवलं आणि वर सांगितलं की गाणं सुधारलं. गाणं सुधारलं नव्हतं.

मला ते डॉक्टर म्हणायचे. मी कॉम्प्युटरवर गाण्याची काटछाट करतो म्हणून. “डॉक्टरसाहेब, पेशंटला लय कापू नका. घरी जायचं हाय त्याला.” पण सगळे आवाज एकत्र मिसळायच्या वेळी शेजारी बसून मला कापायला लावायचे तेच. हार्मोनियमच्या पोटात एक घुमारा असतो, तो काढा. गाणाऱ्याच्या आवाजाखाली एक ओझं असतं, तेही काढा. ढोलकीचा डग्गा आणि बेस एकाच जागेवर आले की चिखल होतो, तेव्हा एकाने उठून दुसऱ्याला जागा द्यायची. “बेस मोठा करून मोठा होत न्हाई,” ते म्हणायचे. “बाकीच्यांना सरकून बसायला सांगा. मंग तो दिसतो.” हे मात्र अगदी खरं होतं. मी आजही तसंच करतो.

मीही त्यांना एक गोष्ट शिकवली. एकदा चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी मोबाइलवर आमचंच गाणं लागलं. अप्पा कान देऊन ऐकत राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. सगळे होते, ढोलकी होती, झांज होती, फक्त ते नव्हते. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तितका खालचा सूर येतच नाही, हे त्यांनी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. मी त्यांना स्टुडिओत आणलं. त्यांच्या बेसची एक नक्कल केली, तिला थोडी खरखर दिली आणि मूळ स्वच्छ बेसमध्ये ती जेमतेम मिसळली. मग मोबाइलवर लावून दाखवलं. खालचा सूर आताही येत नव्हता, पण त्याची खरखर येत होती आणि बाकीचं कान स्वतःच भरून काढत होता.

“म्हंजे मी न्हाई, तरी मी हाय असं वाटतं?”

“हो.”

“लय वंगाळ शास्त्र हाय हे,” ते म्हणाले. पण पुढच्या प्रत्येक गाण्याला आठवणीने विचारायचे, “खरखर टाकली का?”

पुढे मी कॉम्प्युटरमधलाच बेस वापरू लागलो. पोरांना गाणं संध्याकाळपर्यंत हवं असतं आणि कीबोर्डवर दोन बोटांनी बेस उरकता येतो. अप्पांना बोलावणं कमी झालं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. बोलावलं नाही तरी येऊन बसायचे. कॉम्प्युटरचा बेस ऐकून एकदा म्हणाले, “हा पोरगा कोण वाजवायलाय? लय शिस्तीचा हाय. मधी कुठं श्वासच घेत न्हाई.” मी हसलो. मग दिवसभर ते हसू मला टोचत राहिलं.

अक्का मात्र स्टुडिओत कधी आल्या नाहीत. सोमवारच्या भजनात त्या गायच्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या की अक्कांनी महादेवाचं गाणं उचललं की नंदीसुद्धा मान वळवेल. मी दोन-चारदा म्हटलं, अक्का, एक गाणं रेकॉर्ड करू. “नगं बाबा. मला काचंच्या खोलीत कोंडू नका. मी आपली माज्या घरात बरी हाय.” आणि मग अप्पांकडे बघत, “यांचं तेवढं रेकॉर्ड करा. एवढी वर्षं झाली, हे काय वाजवतेत मला ऐकूच येत न्हाई.”

सगळे हसायचे. अप्पाही हसायचे. पण एकदा जिन्यावरून उतरताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, “ती गंमत करत न्हाई, डॉक्टर. तिला खरंच न्हाई ऐकू येत. मी घरात वाजवायला बसलो की ती गाणं बंद करती. मी तिच्या मागं कधी वाजवलंच न्हाई.”

अक्का गेल्या तेव्हा कापसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. दोन-तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. अप्पा त्यानंतर कितीतरी महिने स्टुडिओकडे फिरकले नाहीत. आले ते थेट पुढच्या दिवाळीनंतर. वर्षाचं पुण्यस्मरण जवळ आलं होतं. खिशात कापूस नव्हता, मोबाइल होता.

“ह्याच्यात ती हाय,” ते म्हणाले.

अक्का तुरीची डाळ निवडत बसलेल्या असताना अप्पांनी एका दुपारी गुपचूप मोबाइल फरशीवर ठेवून ते गाणं टिपलं होतं. अक्कांनी स्वतःच जुळवलेलं. ‘तुझ्या माथी गार पाणी, माझ्या माथी ऊन, महादेवा, ये की खाली डोंगर उतरून.’ मागे डाळ सुपात पाखडल्याचा आवाज, एकदा भांडं लागल्याचा, आणि सगळ्याखाली एक संथ घरघर. खिडकीला लागूनच जिनिंगची भिंत होती.

“पुण्यस्मरणाला घरी लावायचं हाय,” अप्पा म्हणाले. “अन् त्याच्याखाली मला वाजवायचं हाय. एकदाच. ती हयात असताना जमलं न्हाई.”

एवढंच त्यांचं मागणं होतं. दुसरं काही त्यांनी माझ्याकडे कधी मागितलं नव्हतं.

मी म्हटलं, दोन दिवस द्या, आधी आवाज स्वच्छ करतो. आणि मी मनापासून कामाला लागलो. मला वाटत होतं, त्यांना बोलावणं बंद केल्याची भरपाई करायची ही संधी आहे. जिनिंगची घरघर मी शेवटच्या कणापर्यंत काढली. सुपाचा आवाज काढला, भांड्याचा काढला. मग लक्षात आलं की अक्का थोड्या बेसूर आहेत. कॉम्प्युटरवर सूर दाखवणारी रेघ असते. अक्कांचा षड्ज दोन सुरांच्या मधोमध, कुठल्याच पट्टीत नव्हता. अप्पांची गिटार त्याच्याशी जुळली नसती. म्हणून मी एकेक शब्द धरून अक्कांना वर उचललं आणि सुरात बसवलं. शेवटी देवळात असावा तसा थोडा घुमारा दिला. ऐकून माझेच डोळे भरून आले. खरं सांगतो, मला माझं फार कौतुक वाटलं.

अप्पा आले, अनवाणी होऊन फरशीवर उभे राहिले. मी गाणं लावलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले,

“ही कोण बाई हाय?”

मला वाटलं, थट्टा आहे. मी म्हणालो, “अप्पा, अक्काच आहेत. थोडा सूर सरळ केला.”

“कामून केला?”

“जरा उतरला होता.”

“तुमाला उतरलेला वाटला.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “गाणं लय चांगलं हाय. कुणाला बी आवडंल. पर ही बाई माझ्या घरात राहात नव्हती.”

चपला घालून ते निघून गेले. जिन्यावर नेहमी एकेका पायरीवर थांबत उतरणारा माणूस त्या दिवशी कुठेही थांबला नाही.

मूळ रेकॉर्डिंग होतंच. ते मी माझ्या मोबाइलवर पुन्हा लावलं. पण स्टुडिओत, गाद्यांच्या आत, ते मला आताही बेसूरच वाटत होतं. हेच मला जास्त लागलं. त्यांना जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं, आणि त्यांना ते शब्दांत सांगता येत नव्हतं. पुण्यस्मरण तोंडावर आलं होतं. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो.

गल्लीत ऊन झोपलं होतं. जिनिंग चालू होती आणि कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत होते, पडायची घाई नसल्यासारखे. तुळशीच्या कट्ट्यावर, सायकलच्या सीटवर, वाळत घातलेल्या धोतरावर त्यांची पांढरी लव बसली होती. त्या घरघरीत थोडा वेळ चाललं की आपण चालतोय की कुणी आपल्याला वाहून नेतंय, कळेनासं होतं.

अप्पांनी दार उघडलं. “या,” म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले.

“अप्पा, चुकलं माझं.”

“तुमचं सारखंच चुकत असतं. पाणी प्या.”

पाणी पिऊन मी विचारलं, “गाणं टिपलं तेव्हा अक्का कुठे बसल्या होत्या?”

त्यांनी स्वयंपाकघरातली खिडकीखालची जागा दाखवली. मोबाइल कुठे होता ते दाखवलं. मी तिथेच फरशीवर बसलो, मोबाइल त्याच जागी ठेवला आणि मूळ गाणं लावलं.

आणि अक्का सुरात होत्या.

माझ्या पाठीला भिंतीतून जिनिंगची घरघर लागत होती आणि मोबाइलमधला आवाज त्या घरघरीवर अलगद टेकला होता. कुठे उतरलेला नाही, कुठे ताणलेला नाही. मी गाणं पुन्हा लावलं, परत लावलं. अप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. खिडकीतून एक तंतू आत आला आणि मोबाइलच्या काचेवर बसला.

मग जिनिंगमध्ये जेवणाची सुट्टी झाली. घरघर मंदावत, खाली उतरत उतरत बंद पडली. गाणं चालूच होतं. आणि अक्कांचा आवाज एकदम उघड्यावर आला. शिडी काढून घ्यावी आणि माणूस वरच राहावा, तसा. मोबाइलच्या स्पीकरला जिनिंगचा खालचा सूर पेलत नाही. बाहेरची घरघर थांबली तशी अक्कांच्या खाली काहीच उरलं नाही.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तिच्यासंगं गायची,” अप्पा म्हणाले. “ह्या मशीनसंगं.”

मी मान हलवली. त्या खिडकीखाली बसून अक्कांनी इतकी वर्षं तोच एक सूर ऐकला होता. त्यांचा तंबोरा म्हणजे ती जिनिंग होती. आणि मी तंबोरा फेकून देऊन गाणाऱ्या बाईला बेसूर ठरवलं होतं.

अप्पा हळूहळू खाली बसले. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांना हसू आलं. “मला म्हणायची, तुमचा बेस ऐकू येत न्हाई. अन् हिच्या बेसवर रोज गायची. बायकांना सवत असती, डॉक्टर. मला ही मशीन सवत निघाली.” मग हसू ओसरलं. “मी घरात वाजवलं की गप्प कामून बसायची ते आज कळलं. माझा सूर एक, मशीनचा एक. ती बिचारी कुणाच्या मागं जाईल?”

सुट्टी संपून जिनिंग सुरू झाली तेव्हा त्यांनी गिटार मांडीवर घेतली. तिचं वरचं टोक लाकडी कपाटाला टेकवलं म्हणजे वायरशिवायही सूर ऐकू येतो. आणि कान त्या घरघरीकडे देऊन ते एकेक तार सैल करत गेले. थोडी सैल, पुन्हा थोडी. एका जागी गिटारचा सूर आणि जिनिंगचा सूर असे मिसळले की कपाटातली भांडी बारीक किणकिणू लागली. अप्पांनी हात काढला. शास्त्राप्रमाणे त्यांची गिटार आता साफ बेसूर होती.

“आता खुंट्यांना हात लावू नका,” मला म्हणाले. मी लावला नसता.

त्याच स्थितीत गिटार रिक्षातून स्टुडिओत आणली. पहिल्यांदा त्यांनी जे वाजवलं ते फार सुंदर होतं. ओळीच्या शेवटी लहान लहान चढउतार, मध्येच एखादी नाजूक घसरण. मला इतका आनंद झाला की मी काचेबाहेरून हात उंचावला. ते मात्र थांबले.

“पुसा हे. मी तिला दाखवायलोय.”

“काय?”

“बघ, मला किती येतं. हेच दाखवायलोय. एवढी वर्षं बी हेच केलं असंल.”

तारांखालचा कापूस त्यांनी अर्धा काढून टाकला. नखाऐवजी अंगठ्याचं मांस लावून, तार जिथे सगळ्यात सैल असते त्या वरच्या अंगाला, ते छेडू लागले. एकच सूर. ओळ संपताना एक पायरी खाली आणि परत वर. मध्ये मोठा अवकाश. त्या अवकाशात सुपातली डाळ ऐकू येत होती. डाळीला, भांड्याला मी या वेळी हात लावला नव्हता. जिनिंगची घरघरही सगळी काढली नाही. तिच्या सुराची जी अरुंद पट्टी होती तेवढी थोडी पातळ केली आणि त्या जागी अप्पांना बसवलं. इतका मऊ, इतका भरलेला बेस मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतर माझ्या हातून झाला नाही. ऐन दुपारी गोधडीत शिरावं तसा तो होता. मी बेस बंद केला की वाटायचं, अक्का उभ्या राहून गात आहेत. चालू केला की वाटायचं, बसल्या.

“थोडा खाली घ्या मला,” अप्पा म्हणाले.

मी आवाज कमी केला.

“अजून.”

“अप्पा, आणखी घेतला तर तुम्ही उरणारच नाही.”

“मी उरून काय करायचं हाय? तिला टेकायला जागा झाली की झालं.”

मी आणखी खाली घेतला. त्यांच्या समोरच घेतला आणि ते गेल्यावरही तो तसाच ठेवला. इतकं तरी मी सांगितल्याप्रमाणे केलं.

पुण्यस्मरणाच्या दिवशी बाजार बंद होता, त्यामुळे जिनिंगही बंद. गल्ली इतकी शांत मी कधी अनुभवली नव्हती. संध्याकाळी बायका जमल्या, अक्कांच्या फोटोला बेलाची माळ घातली. अप्पांच्या पुतण्याने मंडळाचे दोन मोठे साउंड बॉक्स आणून अंगणात उभे केले होते. मी म्हणालो, एवढे कशाला, घरातल्या घरात ऐकायचंय. तो म्हणाला, “काका, सगळ्या गल्लीची अक्का होती ती. ऐकू द्या की सगळ्यांना.”

गाणं लागलं. पहिल्या ओळीला कुणी हललं नाही. दुसऱ्या ओळीला भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीने डोळे मिटले आणि गाऊ लागली. मग तिच्या शेजारची. मग सगळ्या. कुणाला पट्टी शोधावी लागली नाही. त्या सगळ्या त्याच गल्लीत म्हाताऱ्या झाल्या होत्या. गाणं संपलं की “पुन्हा लाव रे बाबा” आणि पुतण्या पुन्हा लावायचा.

अप्पा उठले आणि हळूच बाहेर पडले. मला काळजी वाटली, मीही मागे गेलो. ते गल्लीच्या तोंडाकडे न जाता मागच्या बाजूला, शेतांकडे चालले होते. दिवस मावळून नुकताच अंधारू लागला होता. कापसाच्या रानात बोंडं अजून दिसत होती. जमिनीपासून थोड्या उंचीवर टांगल्यासारखी.

“चांगलं झालं न्हाई का?” ते म्हणाले.

“चांगलं झालं अप्पा.”

चालताना आमच्या मागून गाणं येत होतं. हळूहळू बायकांचे आवाज विरले. मग शब्द विरले, नुसता अक्कांच्या आवाजाचा उंच धागा राहिला. आम्ही लिंबाच्या झाडापर्यंत आलो आणि तो धागाही सुटला. मागे एकच आवाज उरला. संथ, जाड, पायांखालून आल्यासारखा. एक सूर, एक पायरी खाली, परत वर.

अप्पा थांबले. बराच वेळ ऐकत राहिले.

“हा मी हाय,” ते म्हणाले.

“हो.”

“मी तर तुमाला खाली घ्यायला सांगितलं होतं.”

“खाली घेतलाय अप्पा. शपथ. पण खालचा सूर लांबवर जातो. वरचा आधी संपतो.”

अंधारात मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. फक्त पांढरा शर्ट दिसत होता.

“म्हंजे हितं बी तसंच झालं,” ते म्हणाले. “ती आधी गेली अन् मी राहिलो.”

माझ्याजवळ सगळी यंत्रं होती. कुठलाही आवाज उचलता येत होता, पुसता येत होता, सरळ करता येत होता. मी घाईघाईने म्हणालो, “अप्पा, उद्या पुन्हा मिसळू. तुमचा बेस आणखी कमी करतो. अक्कांचा वर घेतो. काहीतरी करतो मी.”

“कशाला?” अप्पा म्हणाले. “आपुनच मागं जाऊ.”

आणि ते वळले, अक्कांचा आवाज पुन्हा कानावर येईल तिथपर्यंत चालत गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.